मोहाच्या झाडाखालची टोपली

सकाळी आमच्या नागपुरातल्या मनीषनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला आणि तेव्हापासून कामात लक्ष नाही. जंगलातलं कुठलंतरी गाव, ख्रिस्ती धर्माच्या प्रचाराला आलेला गिटारवाला एक पोरगा, भोवती बसलेली माणसं, आणि एक म्हातारा आपल्या घरच्या देवाच्या वस्तू आणून त्या पोराच्या पायाशी ठेवतोय. मागे टाळ्या. त्या म्हाताऱ्याचा चेहरा एकदा नीट बघा आणि मग सांगा टाळ्या वाजवाव्याशा वाटतात का.

असा चेहरा मी पाहिलाय म्हणून लिहितेय.

बाबा गडचिरोलीत भामरागडकडे आश्रमशाळेवर मास्तर होते, मी पाचवीत असेन. शेजारी एक माडिया गोंड म्हातारे राहायचे, आम्ही त्यांना आजाच म्हणायचो. त्यांच्या घरात वर टांगलेली एक टोपली होती, कुळाच्या पेनची, म्हणजे देवाची. आम्हा पोरांना तिच्याजवळ जायची परवानगी नव्हती. नवीन धान निघालं की पंडुम, म्हणजे नव्या पिकाचा सण व्हायचा, आधी पेनला, मग घरच्यांना, मग पानावर थोडं आमच्याकडेही यायचं. त्या पावसाळ्यात आजांच्या नातवाला मलेरिया झाला, मेंदूत गेला. पर्लकोटा नदीला पूर, रस्ता बंद, तो दरवर्षीच बंद व्हायचा. तेव्हा केरळच्या एक सिस्टर डोंग्यातून नदी ओलांडून आल्या, तीन रात्री पोराजवळ बसल्या आणि पोरगं वाचलं. त्या बाईबद्दल मी एक वाकडा शब्द ऐकून घेणार नाही. तिने धर्माचं नावसुद्धा काढलं नाही.

महिन्याभराने मात्र दुसरेच दोघं आले, शर्ट-पँटवाले, पुस्तक घेतलेले. आजांना म्हणाले पोरगं प्रभूने परत दिलं, आता घरात सैतान ठेवशील तर तो परत नेईल. ज्याने तीन रात्री नातवाचा श्वास मोजत काढल्या त्या माणसाला हे असं सांगायचं? आजा काही बोलले नाहीत. टोपली उतरवली आणि गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली ठेवून आले.

हो, धर्माचा प्रचार करायचा हक्क घटनेने दिलाय, कलम २५, माहीत आहे मला. पण घाबरवून घेतलेला होकार हा होकार असतो का?

आणि आमच्या ग्रुपवरचे! व्हिडिओ पडला नाही तोच सुरू, पकडा, हाकला, फोडून काढा. पर्लकोटा भरायची तेव्हा यातला एक तरी तिकडे फिरकला होता का? एकाने तर लिहिलं की आदिवासी आपलेच ना, त्यांना आपल्याच देवळात आणा. म्हणजे टोपली तुम्हालाही बाहेरच काढायची आहे, फक्त झाड वेगळं. माघ पौर्णिमेला सालेकशाजवळ कचारगडला लाखो गोंड डोंगर चढून जातात ते काय धर्म नाही म्हणून जातात का, आणि इतकं असून जनगणनेत त्यांच्या धर्माला साधा एक वेगळा रकाना नाही.

दुपारी एका मैत्रिणीचा फोन, म्हणे मग दीक्षाभूमीवर काय झालं, तेही धर्मांतरच ना. इथे माझं डोकंच फिरलं. अगं बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात जाहीर केलं, १९५६ पर्यंत वीस-एकवीस वर्षं अभ्यास केला, लोकांशी बोलले, आणि लोक गावागावातून आपल्या पायांनी नागपूरला आले, कोणाच्या आजारी पोराच्या खाटेशी बसून त्यांचा देव काढून घेतला नव्हता. आणि हेही बघ, मिशनऱ्यांच्या कामावर ज्या न्या. नियोगींच्या समितीने १९५६ ला एवढा मोठा अहवाल दिला त्याच नियोगींनी त्याच वर्षी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. धर्म बदलू नये असं मी कुठे म्हणतेय. ज्याचा त्याने बदलावा, समजून उमजून.

आता जरा शांत झाले. मिशनरी स्टीफन हिस्लॉप आठवले. १८४५ ला ते नागपुरात आले ते धर्म सांगायलाच, पण गोंडांचा आदिपुरुष लिंगो, त्याचं गाणं त्यांनी ऐकून कागदावर उतरवून घेतलं. १८६३ ला टाकळघाटहून परतताना नाल्याच्या पुरात बुडून गेले आणि त्यांचे कागद १८६६ ला छापले गेले. म्हणजे प्रचाराला आलेल्या माणसालाही समोरच्याचं ऐकता येतं. मग गिटार घेऊन गेलेल्या त्या पोराला म्हाताऱ्याकडून एखादी गोष्ट ऐकून घ्यावीशी का वाटली नाही?

त्या वर्षी धान निघालं तेव्हा आजांच्या घरी पंडुम झाला नाही. पान आमच्याकडे आलं, पण आजा स्वतः जेवले नव्हते, हे आईच्या लक्षात आलं. दिवस बुडताना मी सरपणाला गेले तर आजा मोहाखाली बसलेले, टोपलीसमोर पानावर मूठभर नवा भात. चोरी केल्यासारखे मागे वळून बघत होते कोणी येतंय का. मला पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी घरी कोणाला सांगितलं नाही. बाबांनासुद्धा नाही.