‘ताई, मिक्सरातून काढून मिळंल का?’

नाताळ जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. ‘तुमचं चर्च टाटाच्या पेशंटना जेवण देतं ना? आमच्या सोसायटीकडून शंभर पाकिटं पुलाव पाठवतो.’ ‘ब्लँकेटं कुठे आणून देऊ?’ माणसं मनापासून विचारतात आणि मला दर वेळी ‘जरा थांबा’ म्हणावं लागतं. दोन मिनिटांच्या फोनमध्ये कारण नीट सांगता येत नाही, समोरच्याला वाटतं मी त्याचं दान नाकारतेय. म्हणून आज सगळं सविस्तर लिहितेय. लांबेल, पण वाचा.

आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, मराठी, परळपासून चालत जाण्याच्या अंतरावरची. सहा वर्षं झाली, दर शनिवारी आम्ही आठ-नऊ जण टाटा हॉस्पिटलच्या आजूबाजूच्या रस्त्यांवर जातो. तो भाग ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना कल्पना यावी म्हणून सांगते. हे कॅन्सरचं हॉस्पिटल १९४१ सालचं. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं इथे येतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे ठरले की आठवड्यातले पाच दिवस, असे सहा-सात आठवडे यावं लागतं. म्हणजे जवळजवळ दोन महिने मुंबईत मुक्काम. जालना, यवतमाळ, नांदेडहून आलेल्या शेतमजुराने दोन महिने राहायचं कुठे? दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणखीही काही संस्था आहेत, त्या जीव तोडून काम करतात. तरी माणसं जास्त आणि खोल्या कमी. उरलेले फुटपाथवर, निळ्या ताडपत्रीखाली, रिपोर्टची पिशवी उशाशी घेऊन.

पहिल्या वर्षीचा डिसेंबर मी विसरू शकत नाही. आम्ही ऐंशी पाकिटं भरून नेली होती. मटार पुलाव, वर तळलेला कांदा, पहाटे चारला उठून केलेला. भिंतीला टेकून एक माणूस बसला होता, चाळिशीचा असेल, तोंडावरून रुमाल बांधलेला. मी पाकीट त्याच्या हातात दिलं. त्याने दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि बायकोकडे दिलं. तिने ते बाजूला ठेवलं. मी आपली म्हणाले, ‘खा ना दादा, गरम आहे तोवर खा.’ त्याने रुमाल खाली केला. नाकात नळी होती, गालावर चिकटपट्टीने बसवलेली. जबडा एका बाजूने नव्हताच.

बायको म्हणाली, ‘ताई, ह्यांला तोंडानं जात नाही. एवढं मिक्सरातून काढून मिळंल का?’

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती अडचण सांगत होती, सरळ. मी मात्र तिथे उभी राहून पुढे काय बोलावं ते विसरले. महापालिकेच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं मी. मुलाला काय येत नाही ते आधी बघावं आणि मग शिकवावं, हे रोज करत होते. इथे मात्र ऐंशी माणसांना एकच पुलाव, कोण काय खाऊ शकतं ते न विचारता.

आमच्यात एक निवृत्त परिचारिका आहेत. त्यांनी पुढच्या शनिवारी आम्हाला बसवून शिकवलं. नळीतून द्यायचं ते ताकाएवढं पातळ हवं. नाचणीची पेज, मऊ भात आणि डाळ, दूध, सगळं आधी मिक्सरमधून, मग गाळणीतून. एक कण राहिला तरी नळी तुंबते. पेशंटला ताठ बसवायचं, मोठ्या पिचकारीचा दट्ट्या काढून ती नळीला लावायची, वर धरायची आणि आपोआप उतरू द्यायचं, जोर लावायचा नाही. शेवटी पाणी घालून नळी धुवायची. त्यानंतर अर्धा तास तरी आडवं होऊ द्यायचं नाही. आणि केमो चालू असलेल्यांना कापून ठेवलेली फळं, उघडं सॅलड नको, कारण अंगातली प्रतिकारशक्ती उतरलेली असते. केळं, संत्रं असं सालीचं फळ बरं. आम्ही त्याआधी कित्येकदा कापलेली पपई वाटली होती. ते आठवलं की अजून जीव कसनुसा होतो.

मग आम्ही विचारायला लागलो. वही घेऊन नाही, नुसतं शेजारी बसून. आणि जे ऐकायला मिळालं त्यात ‘जेवण द्या’ फार कमी वेळा आलं. बायकांना हवी होती चूल. ‘आमच्या माणसाला काय सोसतं ते आम्हाला ठावं आहे, फक्त रांधायला जागा द्या.’ मोबाईल चार्ज करायला प्लग हवा होता, कारण गावाकडे दोन लेकरं आजीजवळ ठेवलेली. अंघोळीला आडोसा हवा होता. रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला यांच्या झेरॉक्स हव्या होत्या आणि कुठला कागद कुठल्या खिडकीवर ते सांगणारं कुणीतरी. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, हे अजून कित्येकांना ठाऊक नसतं. एका घरात दुसरं आजारपण निघालं तेव्हा ही एवढी माहिती शंभर पाकिटांपेक्षा जास्त उपयोगी पडली.

आणि रक्त. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, काढल्यावर पाचच दिवस टिकतात. वर्षातून एकदा मोठं शिबिर घेऊन त्यांची सोय होत नाही, बारा महिने कुणीतरी लागतं. आमच्या तरुण संघातल्या मुलांनी आपसात वार लावून घेतले आहेत. या मुलांचा मला फार अभिमान वाटतो.

चर्चच्या हॉलचं स्वयंपाकघर उघडायचं ठरवलं तेव्हा कमिटीत बरीच चर्चा झाली. भांडी कोण घासणार, गॅस कोण भरणार, हॉल खराब झाला तर? पाळकसाहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि महिन्यातल्या एका रविवारचं अर्पण गॅससाठी लावून दिलं. आता बुधवारी आणि शनिवारी सकाळी नऊ ते बारा बायका येतात, स्वतः रांधतात, स्वतः घासतात. ओट्यावर मिक्सर सतत चालू असतो. हॉल त्यांनी आमच्यापेक्षा स्वच्छ ठेवला आहे.

आता ज्या प्रश्नामुळे ही पोस्ट लिहायला मी महिनाभर टाळाटाळ केली, त्याकडे येते. शेजारपाजारचे विचारतात, कधी हळूच, कधी तोंडावर: ‘तुम्ही लोक जेवण देऊन धर्मात ओढता का?’

माझे पणजोबा नगरकडचे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर घर ख्रिस्ती झालं. ‘पोटासाठी बाटले’ हे वाक्य आमच्या चार पिढ्यांनी ऐकलं आहे. मी स्वतः शाळेत ऐकलं आहे. पणजोबांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. त्यांनी मरेपर्यंत पहाटे उठून प्रार्थना केली एवढं आजी सांगायची, आणि पोटासाठी कुणी तेवढं करत नाही असं मी मानते. पण तो टोमणा अंगावर घेऊन वाढल्यामुळे एक गोष्ट मला पक्की कळली आहे. भुकेल्या माणसाच्या हातात भात देऊन त्याच वेळी त्याला देवाचं सांगणं हा त्या माणसावर अन्याय आहे. त्याला ‘नको’ म्हणायची सोयच उरत नाही. म्हणून आमच्या हॉलमध्ये पत्रकं ठेवत नाही. जेवणाआधी सगळ्यांना उभं करून प्रार्थना घेत नाही.

यावर आमच्याच मंडळीत मतभेद आहेत. ‘मग आपल्यात आणि इतर संस्थांत फरक काय?’ असं विचारणारी माणसं वाईट नाहीत, त्यांची श्रद्धा माझ्यापेक्षा काकणभर जास्तच असेल. माझं उत्तर एवढंच की बायबलमधल्या मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान अशी माणसं मोजली आहेत, आणि त्यांच्यासाठी जे केलं ते माझ्यासाठी केलं असं म्हटलं आहे. त्यांना आधी काय ऐकवलं, हे तिथे विचारलेलं नाही. गाडगेबाबांची दशसूत्री काढून बघा. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा, आणि शेवटी दुःखी व निराशांना हिंमत. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

स्वतःहून कुणी म्हटलं तर गोष्ट वेगळी. गेल्या वर्षी पंढरपूरकडचे एक आजोबा मुलीला घेऊन आले होते, गळ्यात तुळशीची माळ. एकदा म्हणाले, ‘तुम्ही ख्रिस्ती ना? माझ्या लेकीसाठी तुमच्या देवाजवळ दोन शब्द बोला.’ मी तिथेच ओट्याशेजारी डोळे मिटून बोलले. ते माझ्या बाजूला उभे राहून विठ्ठलाचं नाव घेत होते. मिक्सर तेवढा वेळ कुणीतरी बंद केला होता.

फोटोंचंही तेच. पाकीट देताना फोटो काढू का, असं आपण विचारतो तेव्हा समोरच्याचा हात पाकिटाखाली आलेला असतो. तो काय नाही म्हणणार? म्हणून आमच्याकडे फोटो नाहीत आणि या पोस्टसोबतही नाही. तसंच उपदेशाचं. ‘तंबाखू खाल्लीत म्हणून झालं’ असं एका नवीन मुलाने एका पेशंटला सांगितलं होतं. चांगला मुलगा आहे, नंतर खूप रडला. तो माणूस हे स्वतःला रात्रंदिवस सांगतच असतो, ते ऐकायला त्याला आपली गरज नाही.

तर नाताळबद्दल. डिसेंबरात एकेका कुटुंबाकडे दिवसाला चार-चार पाकिटं येतात आणि संध्याकाळपर्यंत आंबतात. ब्लँकेटं सांभाळायला जागा नसते. फेब्रुवारीत तोच फुटपाथ, तीच माणसं, आणि कुणी फिरकत नाही. पुलावाचे पैसे बाजूला ठेवून फेब्रुवारी-मार्चमध्ये नाचणी, मूगडाळ, दुधाची पावडर दिलीत तर फार बरं होईल. त्याहून बरं म्हणजे एक शनिवार येऊन बसा. ख्रिस्ती असण्याची अट नाही. आमच्यातल्या दोघी नाहीतच.

आणि एक तातडीचं. गेल्या बुधवारी हॉलमधला मिक्सर जळला, सध्या एका ताईंच्या घरचा आणून काम चाललंय. कुणाकडे चालू स्थितीतला जादा मिक्सर असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. जुना चालेल, पण चटणीचं लहान भांडं त्याच्यासोबत हवं. पेज थोडी-थोडी करावी लागते आणि मोठ्या भांड्यात ती फिरतच नाही.