प्रभातचा इतिहास एकट्या शांतारामांचा नाही

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटात सध्या एक मजकूर फिरतो आहे. व्ही. शांताराम यांनी रिकाम्या हाताने पुण्यात प्रभात फिल्म कंपनी काढली, ‘संत तुकाराम’ घडवला आणि १९४२ मध्ये ते बाहेर पडताच कंपनीला टाळे लागले, असे त्यात म्हटले आहे. शांतारामांची थोरवी वादातीत आहे. मजकुरातील तपशील मात्र तपासणीत टिकत नाहीत.

प्रभात पुण्यात नव्हे, तर कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्यास आली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर, शांताराम आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. यांतील पहिले चौघे दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले होते. त्याच कंपनीच्या १९२५ मधील ‘सावकारी पाश’ या चित्रपटात, जमीन गमावणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका खुद्द शांतारामांनी केली होती. (कर्जापायी शेत गेलेली घरे आपल्या तालुक्यात थोडी नाहीत, तरीही मजकूर लिहिणाऱ्याला हा चित्रपट आठवू नये, याचे नवल वाटते.)

सर्वांत मोठी चूक १९३६ च्या ‘संत तुकाराम’बद्दलची आहे. त्याचे दिग्दर्शन दामले-फत्तेलाल या जोडीचे होते, शांतारामांचे नव्हे. जत्रेतल्या तंबूत तो पाहिलेली आमच्याकडची म्हातारी मंडळी तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांच्या अभंगांइतकीच अभिनेत्री गौरीने उभी केलेली तुकारामांची बायको जिजाई आठवतात. पोर आजारी पडल्यावर संतापून हातात जोडा घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरणारी ही बाई, संसाराचे ओझे कोणाच्या डोक्यावर असते ते एका प्रसंगात सांगून जाते. प्रभातचे म्हणून जे श्रेय द्यायचे, त्यातला मोठा वाटा दामले-फत्तेलाल यांचा आहे.

टाळ्याची गोष्ट तर सरळ चुकीची आहे. शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर काढले, हे खरे. पण प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला तो १९४४ मध्ये, आणि देव आनंद यांचे पडद्यावर पदार्पण झाले तेही प्रभातच्याच १९४६ मधील ‘हम एक हैं’ या चित्रपटातून. भागीदारांची फाटाफूट, १९४५ मधील दामल्यांचे निधन अशी कारणे साचत जाऊन पुढे पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी कंपनी थांबली. तिच्याच आवारात १९६० मध्ये केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.