‘क्ष धरून कोणी चादर घेत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सेलमधल्या चादरींच्या हिशोबावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : ‘मास्तर, क्ष धरून बाजारात कोणी चादर घेत नाही. हे इंग्रजी शाळेचे खूळ आहे, चार भिंतींबाहेर या.’ पुढे भाव जुना असल्याची, सुताचे दर सतत बदलत असल्याने सूत्र निरुपयोगी असल्याची आणि लेख लांबल्याची तक्रार आहे. चादरीचा ४०० रुपये भाव मी हिशोबाला सोपा म्हणून धरला होता, आजच्या बाजाराशी तो जुळेलच असे नाही, हे मान्य. पण ‘मास्तर’ हा शब्द आपण ज्या सुरात वापरला आहे, त्या सुरात मतभेद मांडायचे नसतात. निनावी राहून तर मुळीच नाही.

चार भिंतींचेच म्हणाल, तर माझे लहानपण सोलापूरच्या साखर पेठेत यंत्रमागांच्या खडखडाटात गेले. वडील नगावर विणत. आठवड्याचा पगार उचलीचा हप्ता कापून हाती पडे आणि नग किती धरले, हे कारखान्याचा मुनीम आपणहून कधी सांगत नसे. आई पाकिटातले पैसे मोजून त्यात आधी हप्ता मिळवी आणि मग त्या बेरजेला दराने भागी. आकडे सोपे करून सांगतो : हातात १,३४० रुपये, हप्ता १०० आणि नगाला दर १२ रुपये; म्हणजे १२क्ष − १०० = १,३४०, आणि क्ष आला १२०. वडिलांनी फळीवर खडूने मारलेल्या रेघा १२४ भरल्या, तर उरलेले चार नग कुठे गेले हे विचारायला ते मुनिमापुढे उभे राहत. आईने कागदावर क्ष कधीच लिहिला नाही, पण जे माहीत नाही ते एका बाजूला ठेवून बाकी सारे दुसऱ्या बाजूला नेण्याची तिची रीत शाळेच्या फळ्यावर शिकवतात तीच होती. तेव्हा बाजार कोणी पाहिला आणि कोणी नाही, याचा निवाडा आपण कशाच्या आधारावर केलात?

आता चादर. भाव २० टक्के चढवून त्यावर २० टक्के सूट दिली की हिशोब बरोबरीत सुटतो, असे मानणारी गिऱ्हाइकेच नव्हे, दुकानदारही मला भेटले आहेत. मूळ भाव क्ष धरला, तर चढवलेला भाव १.२क्ष होतो आणि सूट वजा जाता ०.९६क्ष उरतो, म्हणजे दुकानदाराच्या पदरी शेकडा ४ रुपये कमी पडतात. तेवढीच सूट देऊन मूळ भावावर यायचे, तर आधी २५ टक्के चढवावे लागतात. हे तोंडी करता येत नाही, असे मी कुठेही म्हटलेले नाही. आपण ४०० च्या चादरीचे तोंडी कराल, ६५० च्या चादरीचे पुन्हा कराल, पण दोन्हीकडे तूट शेकडा ४ च का येते, हे त्या दोन उत्तरांतून कळणार नाही.

‘इंग्रजी शाळेचे खूळ’ याबद्दल एवढेच, की बाराव्या शतकात भास्कराचार्य अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे देऊन समीकरणे मांडत होते, आणि तेव्हा इंग्रज इथे आलेले नव्हते. सुताचे दर बदलतात, हे सोलापुरात कोणी कोणाला सांगायला नको. आकड्याच्या जागी अक्षर लिहितात ते त्याचसाठी, आणि यावर अधिक वेळ घालवण्याची मला गरज वाटत नाही. लेखाची लांबी कमी होणार नाही.

पुढचा लेख घरगुती वीजबिलावर आहे. १०० युनिटे ओलांडली की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात एकूण युनिटे न, पहिल्या १०० युनिटांचा दर अ आणि त्यापुढचा दर ब धरला, तर १०० ते ३०० युनिटांच्या वापराचा आकार १००अ + (न − १००)ब असा निघतो आणि वरचा दर फक्त १०० पुढच्या युनिटांना लागतो. तिथेही आपण प्रतिक्रिया द्यावी, मात्र सोबत स्वतःच्या घरचे एक बिल सोडवून.