म्हणे गॅमा किरणांचा डेटा कुलूपबंद!

रविवारी सकाळी भावोजींनी घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला, खाली 'जास्तीत जास्त शेअर करा'. मजकूर थोडक्यात असा: आकाशगंगेच्या केंद्राकडून येणाऱ्या गॅमा किरणांची माहिती नासा दडवते, ती 'गुप्त सांकेतिक' फाइलींत असते, बाहेरच्याला उघडताच येत नाही, फुकटची सॉफ्टवेअरं नुसती शोभेची, आणि चित्रं सगळी कॉम्प्युटरवर रंगवलेली. असले मेसेज मी वाचतही नाही. पण दुपारी बारावीतल्या भाचीचा फोन आला, "मावशी, मग फिजिक्स घेऊन करू काय? डेटा तर देतच नाहीत." तिथे माझं डोकं फिरलं.

आधी ते 'गुप्त सांकेतिक' प्रकरण. या फाइलींचा फॉरमॅट आहे फिट्स. १९८१ पासून जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तो वापरतात आणि त्याचे नियम कुणालाही वाचता येतात. भावोजी, एखादी फिट्स फाइल साध्या नोटपॅडमध्ये टाकून बघा. पुढे आकड्यांचा कचरा दिसेल, मान्य. पण सुरुवातीला माहितीच्या ओळी सरळ वाचता येतात, प्रत्येकी ८० अक्षरांच्या, पंचकार्डांच्या जमान्यातल्या. आणि फाइलीचा पहिलाच शब्द काय? 'सिंपल'. त्यापुढे 'टी', म्हणजे 'ट्रू'. मी साधी आहे हो, असं ती बिचारी दारातच सांगते, आणि हे म्हणतात गुप्त!

दडवण्याचं म्हणाल, तर नासाची गॅमा किरण टिपणारी फर्मी दुर्बीण २००८ साली अवकाशात गेली. तिच्या मुख्य उपकरणाने टिपलेले फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पहिलं वर्षभर पथकापाशी होते, ऑगस्ट २००९ पासून सगळ्यांना खुले आहेत. आता गंमत ऐका. ज्या आकाशगंगेच्या केंद्राबद्दल हा मेसेज गळा काढतोय, तिथूनच वर आणि खाली सुमारे २५-२५ हजार प्रकाशवर्षं पसरलेले गॅमा किरणांचे दोन महाकाय फुगे २०१० मध्ये सापडले. शोधले कुणी? मेंग सू, ट्रेसी स्लॅटियर आणि डग्लस फिंकबाइनर यांनी. तिघेही दुर्बिणीच्या पथकाबाहेरचे, आणि वापरला तो हाच खुला डेटा. दडवायचंच होतं तर नासाने फार गबाळेपणा केला म्हणायचा.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करते. नामिबियातली हेस, स्पेनच्या ला पाल्मा बेटावरची मॅजिक, अॅरिझोनातली व्हेरिटास या जमिनीवरच्या दुर्बिणींचा डेटा वर्षानुवर्षं ज्याच्या त्याच्या पथकातच राहिला. प्रत्येकाचा फॉरमॅट वेगळा, सॉफ्टवेअर घरचं. हेसने छोटासा संच खुला केला तोही २०१८ मध्ये. पण याला कट म्हणणं म्हणजे प्रत्येक घरच्या मसाल्याच्या डब्याला तिजोरी म्हणणं. हा डबा एकमेकांना उघडून दाखवायचं कामही याच लोकांनी केलं. २०१९ मध्ये 'अॅस्ट्रॉनॉमी अँड अॅस्ट्रोफिजिक्स' या शोधपत्रिकेत एक निबंध आला: फर्मी, मॅजिक, व्हेरिटास, हेस आणि फॅक्ट ही आणखी एक जमिनीवरची दुर्बीण, या पाचही उपकरणांनी पाहिलेला खेकडा तेजोमेघ (स्फोट झालेल्या ताऱ्याचे अवशेष), डेटा एकाच सामायिक फॉरमॅटमध्ये आणलेला, विश्लेषण गॅमापाय या खुल्या सॉफ्टवेअरने. डेटा आणि कोडही सोबत दिलाय. पटत नसेल तर स्वतः चालवून बघा. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढे कष्ट घेतले असते तर तो मेसेज जन्मालाच आला नसता.

'शोभेच्या' गॅमापायबद्दल एवढंच: चेरेन्कोव्ह टेलिस्कोप अॅरे या नव्या महाप्रकल्पाने २०२१ मध्ये आपल्या विश्लेषणासाठी तेच निवडलं. रंगांचं म्हणाल तर हो, रंग दिलेलेच असतात. गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत, मग मोजणीचे आकडे दाखवायचे कसे? पावसाच्या नकाशात विदर्भ निळा रंगवला म्हणून पाऊस खोटा ठरत नाही.

संध्याकाळी भाचीला व्हिडिओ कॉलवर बसवलं. फर्मीच्या डेटा सर्व्हरवर आकाशातला पत्ता, घेर, तारखा आणि ऊर्जा भरली. लॉगिन नाही, पैसे नाहीत. चहा होईस्तोवर फाइल तयार. एका ओळीत एक फोटॉन: ऊर्जा, दिशा, वेळ. वेळेच्या रकान्यात सत्तर कोटींच्या किंचित वरचा आकडा बघून ती म्हणाली, "हे काय?" म्हटलं, १ जानेवारी २००१ पासूनचे सेकंद. तिने कॅल्क्युलेटर काढला. मार्च २०२३ आला.

"अगं मावशी, तेव्हा माझी नववीची परीक्षा चालू होती."