पोरगी पोळ्या लाटत होती हो!

आमच्या लेआउटमधली एक पोर सध्या केनियात आहे. शाळेत शिकवते, बिनपगारी. 25 डिसेंबरला तिनं फोटो टाकला: समोर पोळपाट, हात पिठानं माखलेले, भोवती यजमानांच्या घरच्या बाया हसताहेत. तिकडे कित्येक घरी नाताळच्या जेवणात चपाती लागतेच. आपल्याकडे हे कुणाला ठाऊक नसेल, नसू द्या. पण लेआउटच्या ग्रुपवर एका काकांनी काय लिहावं? "सेवा करायला गेली की पार्ट्या झोडायला?" खाली अंगठ्यांची रांग. आज सकाळी बघते तर पोरीनं फोटो काढून टाकलेला.

तेव्हापासून माझं डोकं तडकलंय. काहून बाप्पा? सेवेला गेलेल्या माणसानं सणासुदीला सुतकी चेहरा करून बसायचं का?

मी इथिओपियात, बहिरदारला शिकवायला होते तेव्हाची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलीय. पुन्हा ऐका. तिथं 25 डिसेंबर म्हणजे साधा कामाचा दिवस. त्यांचा नाताळ, म्हणजे गेन्ना, 7 जानेवारीला, कारण त्यांचं चर्च जुनी कालगणना पाळतं. त्याआधी 43 दिवसांचा उपवास. मांस नाही, अंडं नाही, दुधाचा थेंबही नाही. आमची घरमालकीण तो कडक पाळायची, आणि माझ्यासाठी मात्र रोज सकाळी दूध तापवायची. स्वतः चव बघता यायची नाही, त्यामुळे साखर कधी मूठभर, कधी मुळीच नाही.

गेन्नाच्या दिवशी घरात जमिनीवर ताजं हिरवं गवत पसरलेलं. बाई रात्रभर चर्चमध्ये उभी राहून आलेली, तरी चुलीपाशी डोरो वॉट ढवळत होती. कोंबडीचा लालभडक रस्सा, त्यात उकडलेली अंडी, आणि तिखट इतका की आपल्या सावजीनं मान खाली घालावी. मी कोपऱ्यात अंग चोरून बसलेले. आपण इथं द्यायला आलो, यांच्या ताटातलं कसं खायचं, हेच डोक्यात. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, इंजेऱ्यात, म्हणजे तिकडच्या आंबवलेल्या पिठाच्या मऊ पोळीत, कोंबडीचा तुकडा गुंडाळला आणि सरळ माझ्या तोंडात कोंबला. रस्सा हनुवटीवरून कुडत्यावर. घरभर हशा. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या बाया पोरांच्या वह्या घेऊन माझ्या दारात यायला लागल्या. तोवर मला नुसत्या लांबून बघायच्या.

हे काम नाही तर काय आहे, काका?

मग संक्रांत आली. गूळ कुठं मिळेना. तीळ मात्र फर्स्टक्लास, हुमेराकडचे, तो भाग तिळासाठीच ओळखला जातो. मध घालून लाडू वळायला घेतले, वळतच नव्हते. शेवटी ताटात थापून सुरीनं कापले. घरमालकिणीच्या दाताला असे चिकटले की बोलता येईना, तरी हात पुढे करून आणखी मागितले तिनं. एवढं लिहिता लिहिता राग जरा निवला होता खरं तर.

पण आत्ताच ग्रुपवर नवीन मेसेज आला. "एवढीच हौस आहे तर मेळघाटात जा म्हणावं आधी."

हो, मेळघाटात जायलाच हवं. नुसते फोटो काढायला परदेशी जाणारे असतात, तेही मान्य, बस्स. पण सांगणारे कोण? हेमलकशाचा प्रकल्प 1973 पासून आहे, नागपुराहून एका दिवसाचा रस्ता. गेलात कधी? मेळघाटात म्हणाल तर तुम्ही चिखलदऱ्यालाच जाता, तेही थर्टी फर्स्टला, रिसॉर्ट बुक करून. तुम्ही नाचलात तर सुट्टी, आणि तिनं चार पोळ्या लाटल्या तर पार्टी?

तरी बोललात ते बरं झालं. येत्या रविवारी मी रिकामी आहे, गाडी माझी. डिझेल निम्मं निम्मं, डबा ज्याचा त्यानं आणायचा. कोण कोण येतंय मेळघाटात, खाली नावं लिहा. काका, पहिलं तुमचं.