दोष एकट्या निळ्या प्रकाशाचा नाही

व्हॉट्सॲपवर वारंवार फिरणाऱ्या एका संदेशात तीन दावे असतात. मोबाइलचा निळा प्रकाश हेच झोप उडण्याचे मूळ आहे. पडदा पिवळसर केला किंवा निळा प्रकाश अडवणारा चष्मा लावला की झोप सुधारते. आणि दिवसभर दिव्यांच्या खोलीत बसणाऱ्याला उजेड कमी पडत नाही.

पहिल्या दाव्यात तथ्याचा अंश आहे. दृष्टिपटलातील मेलानॉप्सिन या प्रकाशसंवेदी द्रव्याने युक्त पेशी सुमारे 480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मेंदूतील जैविक घड्याळाला दिवसाची वर्दी देतात. प्रश्न परिणामाच्या आकाराचा आहे. 2014 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 12 जणांनी सलग 5 रात्री झोपण्यापूर्वी 4 तास पूर्ण प्रखरतेच्या टॅबलेटवर वाचन केले, तेव्हा छापील पुस्तकाच्या तुलनेत त्यांना झोप लागण्यास सरासरी 10 मिनिटेच उशीर झाला. झोपायला रात्रीचे दोन वाजत असतील तर कारण पडद्याच्या रंगापेक्षा त्यावर काय चालू आहे यात शोधणे अधिक योग्य ठरेल.

चष्म्याबाबत थोडक्यात सांगता येते. वैद्यकीय संशोधनाचा एकत्रित पडताळा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2023 च्या आढाव्याला अशा भिंगांमुळे झोप सुधारते असे खात्रीने म्हणण्याजोगा पुरावा मिळाला नाही. दुकानात त्यांचे जादा पैसे मात्र खात्रीने घेतले जातात.

तिसरा दावा सर्वांत चुकीचा आहे, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. घरातील दिव्यांचा उजेड बहुधा 100 ते 300 लक्स (प्रकाशमानतेचे एकक) असतो; ढगाळ दिवशीही उघड्यावर तो काही हजार लक्स असतो, तर थेट उन्हात एक लाखापर्यंत जातो. डोळा दोन्हींशी जुळवून घेत असल्यामुळे हा फरक आपल्याला जाणवत नाही, पण घड्याळाला तो कळतो. बहुतेकांच्या अंतर्गत घड्याळाची एक फेरी 24 तासांहून किंचित लांब असल्याने ते मागे रेंगाळते आणि सकाळचा उजेड ते रोज पुढे ओढतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेतील कोलोरॅडोत आठवडाभर विजेच्या दिव्यांशिवाय तंबूत राहिलेल्यांची मेलाटोनिन (रात्र झाल्याची सूचना शरीराला देणारे संप्रेरक) वाढण्याची वेळ सुमारे 2 तास अलीकडे आली. 2016 साली स्वीडनमधील उप्साला येथे दिवसा साडेसहा तास प्रखर उजेडात ठेवलेल्या व्यक्तींनी संध्याकाळी 2 तास टॅबलेटवर वाचले, तरी त्यांच्या मेलाटोनिनवर किंवा झोपेवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. म्हणजे रात्रीच्या पडद्याचा उपद्रव किती, हे बऱ्याच अंशी दिवसा मिळालेल्या उजेडावर ठरते.

आपल्याकडे यात एक अडचण आहे. मुंबईत जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो, त्यामुळे पहाटे साडेपाचला फिरायला जाणारे निष्ठावंत उजाडण्यापूर्वीच घरात परततात. त्यांचा व्यायाम होतो, पण घड्याळाला हवा असलेला उजेड राहून जातो. त्यांनी हिवाळ्यात फेरी तासाभराने पुढे ढकलावी, किंवा चहा तरी गच्चीत घ्यावा. रात्रपाळी संपवून झोपायला घरी परतणाऱ्यांना मात्र हा सल्ला लागू नाही, कारण तोच सकाळचा उजेड त्यांच्या घड्याळाला जागे होण्याची सूचना देतो.