कातरीन रिबेरोचा ‘पे’: दुसरी बाजू ऐकल्याशिवाय उठू नका

फ्रेंच गायिका कातरीन रिबेरो 23 ऑगस्ट 2024ला गेली. 82 वर्षांची होती. तिच्याबद्दल बोलताना लोक बंडखोरी, डावं राजकारण आणि अंगावर येणारा आवाज इथेच थांबतात. खोटं काही नाही त्यात, पण अपुरं आहे. 1972चा ‘पे’ (म्हणजे शांती) हा तिचा अल्बम आपल्याकडे फारसा कुणी ऐकलेला नाही, आणि ऐकला तरी तुकड्यांत. त्याचा खरा गुण धीर हा आहे. त्यातला तिचा ओरडा कमावलेला आहे.

फ्रान्सच्या ल्यों शहरात पोर्तुगीज आईबापांच्या घरी जन्मलेली ही मुलगी. एप्रिल 1966मध्ये फ्रान्सच्या लोकप्रिय तरुण गायकांचा जो गाजलेला एकत्र फोटो निघाला, त्यात तीही आहे. म्हणजे तीन मिनिटांच्या गोड गाण्यांची वाट तिला मोकळी होती. ती सोडून तिने पात्रिस मुलेबरोबर ‘आल्प’ हा चमू उभा केला. दिग्दर्शक गोदारच्या 1963च्या ‘ले काराबिनिए’ या सिनेमात दोघांनी एकत्र काम केलं होतं. शब्द तिचे, चाली त्याच्या. वाद्यंसुद्धा त्याचीच, त्यानेच घडवलेली.

कॉस्मोफोन म्हणजे 24 तारांचं विजेवर चालणारं वाद्य; गजानेही वाजतं, छेडूनही. गजाने वाजवलं की सूर तुटत नाही, पसरत राहतो. दुसरं पर्क्युफोन. यात विजेची मोटर तारेवर ठोके देते. तुणतुण्याची तार कुणी न थकता, एकाच जोराने, पंधरा मिनिटं छेडत बसलंय अशी कल्पना करा, फक्त खर्जात. ‘पे’वर नेहमीचा ड्रमसेट नाही. ठेका या मोटरचा आणि बास गिटारचा, वर पात्रिस लमोआनचा ऑर्गन (हाच पुढे ‘गाँग’ या बँडमध्ये गेला). म्हणून या संगीतात समेवर येऊन सुटल्याची भावना मिळत नाही. ताण साचत जातो.

रेकॉर्डच्या पहिल्या बाजूवर आधी तीन-तीन मिनिटांची दोन गाणी आहेत. दुसरं, ‘तुझ्यावर प्रेम करायची ताकद संपेपर्यंत’ अशा अर्थाचं, साधं आणि फार सुंदर. मग सुमारे 16 मिनिटांचं शीर्षकगीत. त्यात आवाज लगेच येत नाही. ऑर्गन आणि मोटर आधी जमीन तयार करतात. नवखा ऐकणारा इथेच पुढे सरकवतो आणि थेट ओरड्यावर जाऊन पडतो. तिथे मग ती नुसती आक्रस्ताळी वाटणारच! थकलेल्या, आजारी, मोडलेल्या माणसांना एकेक करून शांती देत ती वर चढते, आणि त्या चढणीतच गाण्याचा अर्थ आहे.

पण मला खरं सांगायचंय ते दुसऱ्या बाजूबद्दल. अख्ख्या बाजूवर एकच रचना, जवळजवळ 25 मिनिटांची: ‘अँ झूर... ला मॉर’, म्हणजे ‘एके दिवशी... मृत्यू’. इथे मृत्यू बाईच्या रूपात येतो आणि तिला घरी बोलावतो. रिबेरो बोलल्यासारखं गाते, मध्येच बोल सुटून नुसता आवाज उरतो. छातीतून निघणारा, खालच्या पट्टीतला, जाड. एवढ्या जोरातसुद्धा तो सुरावरून घसरत नाही. इतकं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार? ते मागे पडण्याचं हे एक अगदी साधं कारण.

ऐकताना काय बिघडतं तेही सांगते. मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज येतच नाही, त्यामुळे पर्क्युफोन गायब होतो आणि फक्त वरचा आवाज उरतो. म्हणजे नेमकी तीच ‘किंचाळणारी बाई’. बरे हेडफोन लावा किंवा मोठे स्पीकर. ॲपमधलं शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणं) आणि क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणं) बंद करा. आवाजाची पातळी आपोआप सारखी करण्याची सोय असेल तर तीही बंद ठेवा. आवाज अगदी सुरुवातीच्या हळू भागावर ठरवू नका, पुढे कान दुखतील. शीर्षकगीताचा मधला भाग आधी पाच सेकंद लावून पातळी ठरवा, मग पहिल्यापासून सुरू करा.

रेकॉर्ड असेल तर आणखी एक अडचण. एका बाजूला 25 मिनिटं बसवायची म्हणजे खाचा जवळजवळ आणि कमी जोराने कापाव्या लागतात. त्यात शेवटचा भाग मध्याजवळ येतो, तिथे सुईखालून खाच हळू सरकते, आणि मोठा आवाज चिरकायला लागतो. दोष गायिकेचा नसतो. सुई साफ करा, गोल टोकाऐवजी लंबगोल टोकाची वापरा, आणि दाब कंपनीने दिलेल्या मर्यादेत वरच्या बाजूला ठेवा. हलका दाब रेकॉर्ड वाचवतो हा गैरसमज आहे. सैल सुई खाचेत आपटते.

फ्रेंच येत नसेल तर दुसऱ्या बाजूचे शब्द आधी भाषांतरात एकदा वाचून घ्या, ऐकताना मात्र कागद बाजूला ठेवा. हे पचलं की 1970च्या अल्बममधलं ‘पोएम नॉन एपिक’ लावा. तेही लांबच आहे. तिथे मृत्यू नाही, सोडून गेलेला माणूस आहे, आणि ती त्याला सोडत नाही.